टॅबमधलं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्यात मुद्दाम चुका करून बघा

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. शाळा पहिली ते पाचवी, द्विशिक्षकी, पट 17. गावच्या मुंबईकर मंडळाने 8 टॅब आणि त्यात टाकायला अभ्यासाचं सॉफ्टवेअर द्यायचं ठरवलंय. तीन कंपन्यांचे डेमो झाले, तिन्ही छान वाटले, आणि निवड मंडळाने शाळेवर सोडली आहे. दर्जा ओळखायचा कसा, असं त्या विचारतात.

नमस्कार बाई,

डेमो छान वाटणारच. कंपनीचा माणूस डेमोत नेमकं बरोबर उत्तर दाबतो. चांदण्या उडतात, टाळ्या वाजतात, पुढचा धडा उघडतो. आंब्याच्या पेटीचा नुसता वरचा थर बघून आपण भाव ठरवत नाही, खालचा थर उचकून बघतो. सॉफ्टवेअरचा खालचा थर म्हणजे मूल चुकल्यावर ते काय करतं, हा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांना अशी साधनं निवडायला मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि बाकीच्या सगळ्या कसोट्या या एका कसोटीनंतर लावतो. ज्याला गणित येतं त्याचं टॅबवाचून काही अडत नाही. मंडळाचे पैसे खर्ची पडणार आहेत ते तुमच्या वर्गातल्या अडलेल्या मुलांसाठी.

तेव्हा टॅब हातात घ्या आणि चुका करा. मात्र कशाही चुका नकोत. तुमची मुलं वहीत ज्या चुका करतात, नेमक्या त्याच करा.

52 − 27 घ्या. दशक सुटा करणं ज्याला उमगलेलं नाही, ते मूल एककात 7 मधून 2 काढून 5 लिहितं, दशकात 5 मधून 2 काढून 3 लिहितं, आणि उत्तर देतं 35. हा वेंधळेपणा नाही. त्या मुलाने स्वतःपुरता एक नियम बनवलेला असतो: मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांचा अभ्यास अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी केला आणि 1978 मध्ये मांडला. मुलांच्या पुष्कळशा चुका नियमाने चालतात आणि नियम ओळखला की मुलाचं पुढचं चुकीचं उत्तरही आधी सांगता येतं, हे त्यांनी संगणकावर करून दाखवलं. म्हणजे चूक ओळखणारा प्रोग्राम बनवता येतो हे गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षं माहीत आहे. आज पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वस्तूकडून तेवढी अपेक्षा ठेवायला आपल्याला संकोच वाटू नये.

आता याच उदाहरणाला तीन वेगवेगळी चुकीची उत्तरं देऊन बघा. 35 द्या, मग 79 द्या (हे चिन्ह न बघता बेरीज करणारं मूल), मग 24 द्या (रीत बरोबर, मोजण्यात एक घसरलेलं). प्रत्येक वेळी पडद्यावर काय आलं ते कागदावर शब्दशः उतरवून घ्या. काही सॉफ्टवेअर लाल फुली दाखवून ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणतात आणि गप्प बसतात. मग मूल 36, 34, 33 असं करत राहतं. काही संपूर्ण उदाहरण सोडवलेला व्हिडिओ लावतात, पण तिन्ही चुकांना तोच. असं असेल तर समोर आहे ती आवाज करणारी प्रश्नपत्रिका, आणि तिच्यासाठी टॅब लागत नाही. चांगलं सॉफ्टवेअर 35 आल्यावर काड्यांचे गठ्ठे दाखवून विचारतं की 2 सुट्या काड्यांतून 7 काढता येतील का. 79 आल्यावर फक्त चिन्हाकडे बोट दाखवतं. 24 आल्यावर एवढंच म्हणतं की एकक पुन्हा मोजून बघ. सगळ्या घटकांत इतकी बारकाई सापडणार नाही, पण निदान जिथे मुलं हमखास अडतात तिथे ती असावी. वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक, जोडाक्षरं, एवढं तपासलंत तरी चित्र स्पष्ट होतं.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट येते आणि ती डेमोत कधीच दिसत नाही: प्रश्न कसे निवडले आहेत. पाचवीला दशांश अपूर्णांक येतात. 0.5 मोठा की 0.35, असं विचारलं की बरीच मुलं 0.35 म्हणतात, कारण 35 हे 5 पेक्षा मोठे. आता सॉफ्टवेअर जर 0.75 आणि 0.42, किंवा 0.8 आणि 0.3 अशाच जोड्या विचारत असेल, तर चुकीच्या समजुतीचं मूलही दहापैकी दहा गुण मिळवतं. अहवालात तो घटक हिरवा होतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि ते मूल ती समजूत घेऊनच सहावीत जातं. म्हणून एखाद्या घटकातले सगळे प्रश्न स्वतः सोडवा आणि विचारा, की न समजलेलं मूल यातल्या कुठल्या प्रश्नात अडकेल? उत्तर ‘एकाही नाही’ असं आलं तर तो घटक रद्दी समजा, चित्रं कितीही सुंदर असोत.

मराठीचा मुद्दा बरेच जण शुद्धलेखनापाशी संपवतात. तो त्याहून बराच खोल आहे. आपल्याकडे येणारी पुष्कळ सॉफ्टवेअर मुळात इंग्रजीत किंवा हिंदीत बनतात आणि मग मराठीत उतरवली जातात. हिंदीतून आलेलं ओळखायला सोपं: अपूर्णांकाच्या जागी ‘भिन्न’, दशांशाच्या जागी ‘दशमलव’, काटकोनाच्या जागी ‘समकोण’, अवयवांच्या जागी ‘गुणनखंड’. असा एक शब्द सापडला की तो घटक एखाद्या मराठी शिक्षकाने वर्गात वापरून तपासलेला नाही हे नक्की समजा. यांत्रिक आवाज असेल तर त्याला 69, 79 आणि 89 वाचायला लावा. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ऐकू येतं की उनहत्तरच्या अंगाने काही? ‘ळ’चा ‘ल’ होतो का? ‘चार’ आणि ‘चारा’, ‘जन्म’ आणि ‘जाळं’ यांतले च आणि ज वेगळे ऐकू येतात का? पहिली-दुसरीचं मूल वाचायला शिकताना जे कानावर पडेल तेच खरं मानतं.

इंग्रजीतून आलेल्याची खोड याहून अवघड जागी असते. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतात आणि वीस मागून. म्हणून ऐकून लिहिताना आपली मुलं 23 च्या जागी 32 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशा वाचनाची जोड दिली गेली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला, तो या अडचणीपायीच. इंग्रजीत विशीनंतरच्या संख्यांना ही अडचण नाही. मग तिथे बनलेल्या सॉफ्टवेअरला 32 ही निव्वळ एक चूक वाटते आणि ते मुलाला पुन्हा मोजायला पाठवतं. मूल बरोबर मोजतं, पुन्हा 32 लिहितं आणि पुन्हा फुली खातं. संख्यालेखनाच्या घटकात जाऊन ‘तेवीस’ला 32, ‘अठ्ठेचाळीस’ला 84 लिहून बघा. अंकांची उलटापालट ओळखून जे सॉफ्टवेअर मुलाला सावरतं, त्यामागे मराठी वर्ग माहीत असलेला माणूस आहे. त्या कंपनीशी पुढचं बोलणं करा.

वाचून दाखवायला लावणारी, मुलाचा आवाज ऐकून बरोबर-चूक ठरवणारी साधनंही आता आली आहेत. त्यांची परीक्षा तुमच्या आवाजावर घेऊ नका. वाडीवरची दोन-तीन मुलं बसवा, त्यातलं एक हळू बोलणारं असू द्या. घरच्या बोलीचा हेल आहे पण शब्द बरोबर वाचलाय, तिथे फुली येत असेल तर ते साधन वाचायला निघालेल्या मुलाचं तोंड बंद करेल. आणि ही परीक्षा पत्र्यावर पाऊस वाजत असताना घ्या. जुलैत वर्गात बाईंचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही, तिथे टॅबला किती ऐकू येतं ते बघायलाच हवं.

आता तुमच्या वेळापत्रकाकडे येतो. संशोधनात यावर दोन चांगल्या गोष्टी हाताशी आहेत, दोन्ही आपल्याच देशातल्या. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी संगणकावरच्या गणिताची चाचणी घेतली, ती 2008 मध्ये मांडली गेली. शाळेच्या वेळेत, चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी संगणक बसवला तेव्हा मुलं मागे पडली. तोच कार्यक्रम शाळेनंतर जादा वेळ म्हणून दिला तेव्हा मुलांची प्रगती झाली. दुसरी दिल्लीतली, कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांची, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथे माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर शाळेबाहेरच्या केंद्रांत वापरलं: 45 मिनिटं संगणक आणि 45 मिनिटं माणसाने छोट्या गटाला शिकवणं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत लक्षणीय फरक पडला. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि सॉफ्टवेअर प्रत्येकाला तो जिथे होता तिथून उदाहरणं देत होतं.

या दोन्हींतून तुमच्यासाठी दोन प्रश्न निघतात. पहिला, टॅब कशाच्या जागी येणार? तुमची शाळा द्विशिक्षकी आहे. तुम्ही तिसरीला शिकवताना चौथी-पाचवी फळ्यावरून उतरवून घेत बसते. ती 20 मिनिटं टॅबला द्या, तुमचा शिकवण्याचा तास देऊ नका. पण मग त्या 20 मिनिटांत मुलांनी तुम्हाला हाक मारता कामा नये. सूचना बोलून दाखवतो का, पासवर्डवाचून चित्र दाबून आत जाता येतं का, एका टॅबवर दोन-तीन मुलांची खाती वेगळी राहतात का (17 मुलं, 8 टॅब), मधेच चुकीचं बटण दाबलं तर मूल आपलं आपण परत येतं का, हे बघा. दुसरा प्रश्न पातळीचा. चौथीचं खातं उघडा आणि ओळीने दहा उत्तरं चुकवा. सॉफ्टवेअर तुम्हाला तिसरीच्या, दुसरीच्या पायरीवर नेतं का? की चौथीचीच उदाहरणं पुढे ढकलत राहतं? इयत्तेला कुलूप लावलेलं सॉफ्टवेअर बहुवर्ग शाळेला निरुपयोगी आहे. आणि खाली नेताना पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘इयत्ता दुसरी’ झळकणार नाही एवढी काळजी बनवणाऱ्याने घेतली आहे का, हेही पाहा. दहा वर्षांच्या मुलाला शेजारचा काय बघतो याची फार जाणीव असते.

डॅशबोर्डवर, म्हणजे शिक्षकाला मुलांची प्रगती दाखवणाऱ्या पानावर, कंपन्या खूप बोलतात. एक करा: एका खात्यावर डोळे मिटून, न वाचता, चार पर्यायांतला कुठलाही दाबत पाव तास घालवा आणि मग शिक्षकाचा अहवाल उघडायला सांगा. त्यात ‘15 मिनिटं सराव, प्रगती समाधानकारक’ असं आलं तर तो अहवाल पुढे कधीही वाचू नका. मूल किती वेळ बसलं याने ते काय शिकलं हे कळत नाही. ‘या तीन मुलांना हातचा समजलेला नाही’ असं एक वाक्य तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येईल. रंगीत आलेखांचं पान येणार नाही.

नेटवर्कबद्दल तुम्हाला मी सांगायला नको. पण ‘ऑफलाइन चालतं’ या वाक्याखाली बरंच काही लपलेलं असतं. टॅब विमान मोडवर टाका, बंद करून पुन्हा सुरू करा, आणि आठ-दहा दिवस तसाच वापरा. काही सॉफ्टवेअर दोन दिवस चालतात आणि मग परवाना तपासायला इंटरनेट मागतात. काहींचे धडे ऑफलाइन असतात पण व्हिडिओ यूट्यूबवरून येतात. काही पहिल्यांदा नेटवर्क मिळालं की आधीची सगळी नोंद पुसून टाकतात. ही तपासणी तालुक्याच्या सभागृहात करू नका, शाळेत करा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, दोन्ही वेळा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज आणि टॉवर नव्हते. ते टोकाचं झालं, पण साध्या पावसाळ्यातही आपल्याकडे शाळेच्या सुरुवातीचेच महिने खंडित असतात. टॅबची बॅटरी किती तास चालते आणि खारट दमट हवेत चार्जिंगचं तोंड कसं टिकेल, हे प्रश्नही त्याच दिवशी विचारून घ्या.

किंमत ठरवण्याआधी फुकट काय मिळतं ते मंडळाला दाखवा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी मंचावर धड्यांना जोडलेले व्हिडिओ आणि सराव आहेत, आणि ते उतरवून ठेवता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत, छापूनही वाटता येतात. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू केलेला फेट हा विज्ञान-गणिताच्या आभासी प्रयोगांचा संच मोफत आहे, त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. पाचवीला अपूर्णांकांसाठी तो नक्की वापरा. चूक ओळखण्याची कसोटी मात्र फुकटच्या वस्तूलाही तीच लावा. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी समोरचं मूल कुठे अडलं हे त्याला कळत नाही, ते काम तुमच्याकडेच राहतं. कंपनीला थेट विचारा: यापलीकडे तुम्ही काय देता? पाठ्यपुस्तकाची पानं आणि त्यावर वाचलेला आवाज एवढंच असेल तर मंडळाचे पैसे वाचनालयाच्या कपाटाला द्यायला सांगा, मी मनापासून सांगतोय.

मुलांच्या माहितीचा विषय डेमोत कुणी काढत नाही, तो तुम्ही काढा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं. पालकांची पडताळता येणारी संमती आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई, अशा तरतुदी त्यात आहेत. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2022 मध्ये 49 देशांतली शैक्षणिक साधनं तपासली, तेव्हा त्यांतल्या 89 टक्के साधनांत मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारे माहितीचे व्यवहार आढळले. त्यामुळे खातं उघडताना काय काय विचारलं जातं ते बघा. मुलाचं नाव आणि इयत्ता एवढ्यावर काम भागायला हवं. आधार क्रमांक, पालकांचा मोबाइल, टॅबचं ठिकाण, संपर्कयादी यांतलं काहीही मागत असेल तर कशासाठी ते लेखी मागा. पालकांचा नंबर घेऊन पुढे घरी ‘प्रीमियम कोर्स’चे फोन सुरू होतात, असे अनुभव पालक मला सांगतात.

टिकाऊपणाबद्दल एक ताजा धडा आपल्या शाळांच्या कपाटांतच पडून आहे. लोकवर्गणीतून घेतलेल्या कितीतरी ई-लर्निंग संचांमधले धडे फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर बनलेले होते. ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं आणि चांगल्या स्थितीतल्या संगणकांवर ते धडे उघडेनासे झाले. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या: वर्षाचं शुल्क थांबलं तर उतरवलेले धडे चालू राहतील का, मुलांच्या नोंदी साध्या फाइलमध्ये परत मिळतील का, आणि अँड्रॉइडची नवी आवृत्ती आल्यावर दुरुस्ती कोण, किती वर्षं देणार. मंडळ एकदाच पैसे देतं. दुसऱ्या वर्षीचं शुल्क शाळा व्यवस्थापन समितीला झेपणारं नसेल, तर ते आजच उघड बोला.

एवढं झालं की तीनपैकी बहुधा एक किंवा दोन उरतील. त्यांच्याकडून सहा आठवड्यांसाठी चाचणी परवाना मागा. ज्यांचा मालावर भरवसा असतो ते देतात. सुरू करण्याआधी तिसरी ते पाचवीच्या मुलांची एक साधी कागदी चाचणी घ्या, वजाबाकी आणि अपूर्णांक, दहा-बारा उदाहरणं, तुमच्या हातची. मग मुलांचे दोन गट करा. पहिले तीन आठवडे एका गटाला टॅबवर वजाबाकी आणि दुसऱ्याला अपूर्णांक, वर्गातलं शिकवणं सगळ्यांना सारखं. तीन आठवड्यांनी तशीच पण आकडे बदललेली चाचणी पुन्हा कागदावर घ्या, आणि नंतर गटांचे विषय अदलाबदल करा. शेवटी तिसऱ्यांदा चाचणी. कंपनीच्या टॅबवरचे गुण यात धरू नका, कारण टॅबवर सरावलेलं मूल टॅबवर पुढे जातंच. वहीत पेन्सिलने ते उतरतं का हे हवंय. एवढ्या थोड्या मुलांत टक्केवारी काढण्याला अर्थ नाही. प्रत्येक मुलाचे तीन पेपर शेजारी शेजारी ठेवा आणि वाचा. जूनमध्ये 35 लिहिणाऱ्या मुलाने ऑगस्टमध्ये काय लिहिलं, हे तुम्ही पाहताक्षणी ओळखाल. टॅब नसलेल्या विषयातही तेवढीच सुधारणा दिसली, तर श्रेय तुमच्या शिकवण्याचं आहे आणि तेही मंडळाला सांगायला हवं.

मंडळाला आत्ताच एक पत्र पाठवा की टॅब घ्यायचे असतील तर घ्या, पण सॉफ्टवेअरचा निर्णय गणपतीपर्यंत थांबवा. मंडळी तेव्हा गावी येतातच. आरतीनंतरच्या बैठकीत पेपरांचे गठ्ठे, चुकांच्या उत्तरांची तुमची वही आणि विमान मोडवरचा टॅब समोर ठेवा, आणि पैसे देणाऱ्यांपैकीच कुणाला तरी 52 − 27 ला 35 असं उत्तर द्यायला सांगा.